हमीदाबाईंचा गुहेतला धडा

पेणच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी हमीदाबाईंचे हात कोपरापर्यंत गेरूने माखलेले होते आणि अख्खी पाचवी वर्गाच्या भिंतीवर पंजे उमटवत होती. "वह्या आत ठेवा. आज आपल्याला लिहिता येत नाय," असं त्यांनी मुलांना बजावलं होतं. इतिहासातला गुहेत राहणाऱ्या माणसांचा धडा चालला होता.

बाई रोह्याहून रोज गाडीने येत. भिंतीवरून मुख्याध्यापक चिडले की म्हणत, "धुवून देते सर! पण माणूस लिहायला लागला अगदी काल-परवा. त्याआधी हजारो वर्षं तो चित्रं काढत होता. मनातलं सांगितल्याशिवाय राहवत नाय हो माणसाला."

एकदा वर्गातली शेवंती यायची बंद झाली. खाडीकाठचं मिठागर बंद पडल्याने तिचा बाप बिऱ्हाड घेऊन लांबच्या वीटभट्टीवर निघाला होता. बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"पोरीला हितं कोन बगनार? नेतो संगती," बाप म्हणाला.

शेवंतीची आई जन्मापासून मुकी-बहिरी. घरात खाणाखुणा चालत, त्या भाकरी-पाण्यापुरत्या. बाईंनी विचारलं, "हिला विचारलंस?"

"हिला काय कलतंय?"

बाईंनी चुलीतला कोळसा उचलला आणि सारवलेल्या जमिनीवर बसकण मारली. एक ट्रक काढला, त्यात बाप, आई आणि दोन वेण्यांची शेवंती. शेजारी शाळा. मग कोळसा आईच्या हातात दिला.

तिने तळव्याने ट्रकमधली शेवंती पुसली आणि शाळेच्या दारात पुन्हा काढली. थोडं थांबून स्वतःलाही पुसलं, आणि लेकीच्या शेजारी उभं केलं.

बाप त्या चित्रावर वाकला. "इतक्या वर्सांत हिनं मना कदी काय सांगितलं नाय."

"आपण कधी विचारलं नाय रे," बाई हळूच म्हणाल्या.

तो एकटाच भट्टीवर गेला. आई जवळच्याच जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. शेवंती मॅट्रिक झाली, आता बालवाडी चालवते.

हमीदाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी रोह्याला निघाले. वाटभर शब्द जुळवत होते. दारात त्यांची लेक दिसली आणि एकही सुचेना. मी तिला जवळ घेतलं.