अखंड पंखाचा फोटो

माझ्या ताईचा नवरा, आमचे दाजी, पासपोर्ट फोटोंवर आयुष्य काढलेला माणूस. बाजाराच्या रस्त्यावर औषधाच्या दुकानाला लागून त्यांचा स्टुडिओ. एक स्टूल, मागे पांढरा पडदा आणि आरशाखाली साखळीने बांधलेला कंगवा. साखळी का, तर आधीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांनी नेले. "हसू नका" हे दिवसातून पन्नासदा म्हणायची इतकी सवय, की ताई म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा यांनी मला हसू दिलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र दाजी वेगळेच असत. मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून बंद कारखाने, जुने पूल, गंजलेली इंजिनं यांचे फोटो काढत हिंडायचे. ते फोटो कुठल्याशा प्रदर्शनात विमान संग्रहालयाच्या व्यवस्थापकबाईंनी पाहिले आणि दाजींना बोलावणं आलं. शहराबाहेरच्या एका हँगरमध्ये नऊ जुनी विमानं ठेवली होती. त्यातल्या सर्वांत जुन्या विमानाचा भिंतभर फोटो बाईंना प्रवेशद्वारापाशी लावायचा होता. एकावर एक अशा दुहेरी पंखांचं विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, कापडावर रंगाचे थर.

ते विमान ज्यांनी चार वर्षं खपून पुन्हा उभं केलं, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. वय पंचाहत्तर. निवृत्त होऊनही रोज सकाळी हौसेने हँगरवर हजर. दाजींना त्यांनी पहिल्याच दिवशी 'अरे-तुरे' सुरू केलं.

"हे बघ, पंखाच्या मुळाशी हा काळा पट्टा आहे ना, पाय ठेवायचा तर इथंच. बाकी नुसतं कापड आहे. आणि मी असल्याशिवाय वर चढायचं नाही."

"नाही चढणार," दाजी म्हणाले.

हँगरमध्ये फोटो काढणं म्हणजे डोकेदुखी. दारातून आत येणारं ऊन इतकं प्रखर, की ते पकडायला जावं तर विमान काळंठिक्कर. विमान उजळ घ्यावं तर दार म्हणजे नुसता पांढरा डाग. त्यावर दाजींचा उपाय असा: कॅमेरा उंच ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, जराही हलू द्यायचा नाही, आणि त्याच जागेवरून सात फोटो घ्यायचे. पहिला अगदी गडद, पुढचा त्याहून उजळ, असं करत सातवा सर्वांत उजळ. मग घरी कॉम्प्युटरवर ते एकावर एक ठेवायचे आणि ज्यात जे चांगलं उतरलं असेल तेवढंच घेऊन एक फोटो जुळवायचा.

दोन दिवस मनासारखा उजेड मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मिळाला. पण नेमके मिस्त्री दात काढायला दवाखान्यात गेलेले. दाजींनी चार फोटो घेतले. तेव्हा लक्षात आलं, वैमानिकाची बैठक पार अंधारात आहे. तिथं एक छोटा दिवा ठेवला तर? ऊन सरकत होतं. दोन मिनिटांचं तर काम.

दाजी चढले. पाय बरोबर काळ्या पट्ट्यावरच ठेवला. दिवाही ठेवला. वळताना बुटात दिव्याची वायर अडकली, तोल गेला आणि डावा गुडघा पंखावर आला. चादर फाडावी तसा टर्रकन आवाज झाला.

एका जुन्या शिवणीला लागून वीतभर कापड फाटलं होतं. दाजींनी लोंबणारा तुकडा बोटाने वर ओढून हलकेच दाबला, तर तो बसला. खालून काहीच दिसेना. मग, का ते त्यांनाही सांगता येत नाही, त्यांनी खाली उतरून उरलेले तीन फोटो काढले.

मिस्त्री आले ते गालात कापूस धरून. धड बोलता येत नव्हतं. "झालं?" एवढंच विचारलं.

"झालं," दाजी म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दाजी आजही म्हणतात, पाय घसरला तो अपघात. पण त्या 'झालं'ला अपघात म्हणता येत नाही.

घरी येऊन त्यांनी फोटो जुळवला. शेवटच्या तिन्हींत पंखावर काळी रेघ दिसत होती. त्यांनी बैठकीचा उजेड त्यातून घेतला आणि पंख पहिल्या चारांतून. कुठं सांधा दिसला नाही.

महिन्याभराने फोटो लागला. समारंभ झाला, ताई ठेवणीतले कपडे घालून आली, टाळ्या पडल्या. मिस्त्री एका कडेला उभे होते. चोराच्या मनात चांदणं. दाजी त्यांना टाळत होते, पण त्यांनीच हाक मारली.

"छान काढलास रे. एक बरं झालं तुझ्या फोटोमुळे, माझा संशय फिटला. या पंखाची शिवण उसवलीय. मला आधी वाटलं, कुणीतरी पाय दिला. उगाच झाडणाऱ्या बाईंवर डाफरलोसुद्धा. मग तुझा फोटो बघितला. अखंड आहे ना त्यात? आणि त्यानंतर तर कुणी चढलंच नाही. म्हणजे माझीच शिवण सुटली." त्यांनी हात पुढे करून बोटं पसरली. "हे बघ, थरथरतायत. हँगरच्या किल्ल्या व्यवस्थापकबाईंना परत करून टाकल्या मी. उद्या आणखी काही बिघडवायला नको."

दाजींनी त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं काही नाही हो, चांगला आहे तुमचा हात." मग ताईने खायला बोलावलं म्हणून गेले. खाल्लंही.

पुढचे सहा आठवडे त्यांचं कशात लक्ष लागेना. गिऱ्हाईक हसलं तरी हे बटण दाबायचे. पासपोर्ट कचेरीतून फोटो परत येऊ लागले. शेवटी एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या ताईला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला काय सांगताय? मी काय पंख आहे? त्यांना जाऊन सांगा."

"उद्या जातो."

"सहा आठवडे उद्याच होता की!"

एकटा गेलो तर दारातून परत फिरेन, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मिस्त्रींच्या सुनेने दार उघडलं. दाजींनी बसायच्या आधीच सातही फोटो टेबलावर ओळीने मांडले.

"हा चौथा. हा पाचवा. मधे मी वर चढलो होतो."

मिस्त्रींनी भिंग आणलं. चौथ्यावरून पाचव्यावर आणि पुन्हा चौथ्यावर फिरवलं.

"गुडघा?" त्यांनी विचारलं.

"हो. डावा."

"मी दवाखान्यात होतो तेव्हा."

"हो."

"आणि मी आल्यावर 'झालं' म्हणालास."

दारात उभी असलेली सून म्हणाली, "बाबा दीड महिना झाला शर्टाचं बटणसुद्धा स्वतः शिवत नाहीत. मला देतात."

"तू थांब गं," मिस्त्री म्हणाले. मग दाजींकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "कापड फाटतं हो. माझ्या हातूनही दहादा फाटलंय. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या दिवशी मी तुम्हाला हात दाखवला, आणि तुम्ही बघत उभे राहिलात."

तो 'तुम्ही' माझ्याही कानाला लागला. दाजींना तर थोबाडीत बसल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं ते नंतर जिना उतरताना म्हणाले.

"माफ करा," ते कसंबसं बोलले.

"ते राहू द्या. आधी बाईंना सांगा, आणि झाडणाऱ्या बाईंनाही. मी सांगणार नाही."

दाजींनी दुसऱ्याच दिवशी दोघींना सांगितलं. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, मला ठाऊकच होतं मी नाही ते. व्यवस्थापकबाई भयंकर चिडल्या, पुन्हा काम देणार नाही म्हणाल्या. दाजींनी फोटो उतरवायची विनंती केली, तर, "आणि भिंत काय मोकळी ठेवू?" म्हणाल्या. फोटो अजून तिथंच आहे, खाली दाजींचं नाव आहे. पाहुणे आले की ताई त्यांना दाखवायला नेते, आणि दाजी गाडी लावून येतो म्हणून बाहेरच रेंगाळतात.

मिस्त्रींनी किल्ल्या परत घेतल्या. ज्या सकाळी ते पंख शिवणार होते, त्या सकाळी दाजी न बोलावता हँगरवर गेले आणि दुपारी परत आले.

"भेटले?" मी विचारलं.

"भेटले."

"काही बोलले?"

"बोलले ना," दाजी म्हणाले. "म्हणाले, बाजूला व्हा, उजेड अडवताय."