श्रावणातली कळशी

मी देवाला पाणी घालत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुना आपसात म्हणतात, सासूबाई नास्तिक आहेत. म्हणोत बापड्या. तेरा वर्षांची असताना एका श्रावणात मी जे पाणी घातलं, ते मला जन्माला पुरलं.

त्या साली राज्यांची मोडतोड चालली होती. नागपूर-अमरावतीकडचा मुलूख मुंबई राज्यात जाणार आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहणार, असं ठरलं होतं. कुठला कारकून कुठल्या राज्यात जाणार त्याच्या याद्या व्हायच्या होत्या. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. घरची बोली मराठी, म्हणून आपल्याला उचलून तिकडे टाकतील या भीतीनं त्यांची झोप उडाली. शनवारा मोहल्ल्यातलं घर सोडायचं म्हटलं की त्यांचा घास अडायचा. शेवटी ते महादेवाला नवस बोलले: श्रावणभर रोज सकाळी पिंडीवर तापीचं पाणी. बोलले ते, आणि वाहायचं मी. कुमारिकेच्या हातचं देवाला लवकर पोचतं, असं गुरुजींनी सांगितलं होतं म्हणे. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या काही गुरुजींना उतरायच्या नव्हत्या.

नियम तीन. कळशी भरली की देवळापर्यंत बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, कळशी खाली टेकवायची नाही. एक जरी मोडला तरी सगळे दिवस वाया.

"आणि मनात भाव नसला तर?" मी एकदा विचारलं.

"भाव-बिव काही नसतं, बेटा," वडील म्हणाले. "सांगितलं ते चुपचाप करून दाखवलं, की झाला भाव."

कळशी कमरेवर कशी घ्यायची ते मला शेजारच्या मावशीनं शिकवलं. मावशी विधवा, एकटी, पापड लाटून पोट भरायची. माझ्या वेणीतल्या गाठी सोडवताना ती कधी हिसका देत नसे. आईला तेवढी सवड नव्हती.

विसावा-एकविसावा दिवस असेल. कळशी भरून मी घाट चढत होते. वरच्या पायरीवर मावशी पडली होती. पाय घसरून कमरेवर आपटली होती, आणि लुगडं चिखलानं भरलं होतं. घाटावर दुसरं कुणी नव्हतं.

"माय, जरा हात दे नं," ती म्हणाली. "उठताच नाही येऊन राहिलं."

मी थांबले. खोटं कशाला बोलू, चांगली थांबले. हाक मारायला तोंड उघडलंही होतं. मग वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ती यादी आली, वीस दिवस आले. मी परकर आवरला, तिला शिवणार नाही अशी कडेनं वळसा घालून वर गेले. देवळात पाणी घातलं आणि मग पळत परत आले. तोवर कोळ्यांनी तिला झोळीत घालून नेलं होतं.

घरी मी रडत रडत सगळं सांगितलं. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला जवळ घेतलं. "याला म्हणतात श्रद्धा," ते म्हणाले. त्यांनी मला जवळ घेतल्याची दुसरी आठवण माझ्याजवळ नाही.

पुढच्याच आठवड्यात मला ताप भरला. दोन दिवस वडील स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी बेल घरीच राहिला, म्हणून आईनं मला तापातच त्यांच्यामागे पिटाळलं. देवळाच्या वाटेवर चहाच्या दुकानाच्या ओट्यावर आमची भरलेली कळशी ठेवलेली होती. शेजारी वडील, हातात कप, आणि कचेरीतल्या बडेबाबूंशी हसून हसून बोलणं चाललेलं.

"कळशी टेकवलीत तुम्ही," घरी आल्यावर मी म्हटलं. "बोललातसुद्धा."

"अगं, बडेबाबू समोर आले, तर काय तोंड फिरवू? यादी त्यांच्याच हातात आहे ना!" ते सहज म्हणाले. "देव समजून घेतो, बेटा."

त्यांच्या चहाचं समजून घेणाऱ्या देवाला माझ्या मावशीचं समजलं नसतं? हे मी विचारलं नाही. तापानं घसा सुजला होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत वडिलांचं नाव आलं नाही. त्यांनी सत्यनारायण घातला, सगळी आळी जेवायला बोलावली. मावशी काठी टेकत, एका अंगावर कलत आली. त्यानंतर ती कधी सरळ चाललीच नाही. वडील प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "हिच्या आज्ञाधारकपणानं आम्ही इथं राहिलो." मावशीपाशी आल्यावर म्हणाले, "काय, खरं की नाही?"

"खरं आहे, भाऊ," मावशी म्हणाली. "एकदम पक्की पोरगी. वळूनसुद्धा नाही पाह्यलं तिनं."

वडील खूश होऊन हसले. मी मावशीच्या हातावर प्रसाद ठेवला. त्या दिवशी माझ्या कमरेवर कळशी नव्हती, तरी मी तोंड उघडलं नाही.