माधुरीची दोरी

समोरच्या अंगणात कपड्यांच्या दोन दोऱ्या आहेत. आज एकीवर नुसती दाटी होती, दुसरी रिकामी. ती माधुरीची, त्या घरच्या सुनेची. दवाखान्यात नर्स होती हो ती. कोरोनात घरी आली की आधी न्हाणीघरात जायची, आपले कपडे धुऊन वेगळे वाळत घालायची. "काकू, माझं सोवळं आहे हं, शिवू नका!" असं मला हसून ओरडायची. आमच्या आजीचं सोवळं देवासाठी असायचं, हिचं माणसांसाठी. घरातले सगळे वाचले. तिलाच वॉर्डात लागण झाली आणि ती गेली. शेवटी कुणाला जवळही जाता आलं नाही.

आज माधुरीच्या सासूबाई कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा माधुरीची लेक म्हणाली, "आजी, ती दोरी रिकामीच आहे की!"

"राहू दे गं बाळा, तुझ्या आईची आहे," म्हणत आजीने हातातल्या ओल्या साडीत तोंड लपवलं.