माझा सरळ तास

पुसेगावच्या शिवारात नांगराचा तास माझ्याइतका सरळ कोणी काढत नव्हतं. त्याच सरळ तासातून माझ्या बापाची माती सरळ वढ्यात गेली, अन मी मिशीवर हात फिरवत पाहत राहिलो.

रान दोन एकर, उताराचं. आधी तिथं नुसता मुरूम व्हता. बापानं तळ्यातला गाळ टोपल्या-टोपल्यानं डोक्यावर आणून टाकला, किती उन्हाळे ते त्यालाबी ठाऊक नसंल. मेला तवा टाळूवर चुंबळीच्या जागी केस नव्हते. शाळेत मी गेलो न्हाई. पण हे तर डोळ्यासमोर व्हतं, तेबी शिकलो न्हाई.

मला नाद नांगरटीचा. उताराला आडवं नांगरलं की तास वाकडा दिसतो, अन रस्त्यावरून जाणारे जीपमधले लोक पाहतात. म्हणून मी वरून खाली नांगरायचो. वर आलेली मागल्या पिकाची धसकटं वेचून जाळायचो. रान कसं सारवलेल्या अंगणावाणी.

बायकोच्या ध्यानात पहिले आलं. "वरच्या अंगाला खुरपं खडखड वाजून राहिलं," ती म्हणाली. "अजून चार पावसाळे. मग काय मुरमात पेरता?"

तिचं माहेर जवळा बाजारकडं. तिच्या भावानं नांगर बंद केलेला. सोयाबीन कापायचं, मुळं मातीतच ठेवायची, अन दुसऱ्या साली त्याच रानात हातानं बी टोबायचं. मी म्हणायचो, "तुझा भाऊ आळशी हाय, त्याच्या आळसाला आता शेतीचं नाव सापडलं." दोन वरीस ती सांगत राहिली, दोन वरीस मी हसत राहिलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावला. ड्रायव्हरला सरळ कसं न्यायचं ते दाखवाया मी मडगार्डवर बसलो. दोन फेरे झाले. तिसऱ्याला मागं वळून माझाच तास पाहून राहिलो व्हतो, तेवढ्यात चाक दगडावर चढलं अन मी खाली. पाय मोडला. सेनगावला नेलं, प्लास्टर घातलं. ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या रानात गेला तो पेरणीपर्यंत आलाच न्हाई.

बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी धसकटातूनच टोबते."

मी बाजेवरून लई बोललो. पण बाजेवरच्या माणसाचं कोण ऐकतं. ती वाकून टोबत गेली. तण माजलं, ते कापून तिथंच अंथरलं. तिची कंबर त्या साली गेली ती अजून आली न्हाई, हेबी सांगितलं पाह्यजे.

धुऱ्याचा शेजारी, बांधाला बांध लागलेला, घरी येऊन म्हणाला, "दादा, घरात काही वाईट झालं का? रान असं पडीक काहून?"

"व्हय," म्हणलं, "माझी अब्रू गेली."

श्रावणात एक दिवस आभाळ फाटल्यावाणी पाऊस झाला. उघडल्यावर मी काठी टेकत रानात गेलो. मी नांगरून घेतलेले ते दोन फेरे धुऱ्याकडंला व्हते. तिथं गुडघाभर ओघळ पडला व्हता, तळाला पांढरा मुरूम. बापाचा गाळ तेवढ्या पट्ट्यातून गेला, कायमचा. अन त्याला लागूनच बायकोचं रान. धसकटं उभी, कापलेलं तण चिकटून बसलेलं, माती जागच्या जागी. हात घातला तर मऊ लागली. सडलेल्या मुळाच्या बिळात गांडूळ व्हतं.

मी खाली बसलो. मागून आलेल्या बायकोनं इचारलं काय झालं. पाय दुखतो म्हणलं.

तवापासून नांगर न्हाई. आता शेजारच्या गावचे लोक पाह्याला येतात. परवा कृषी खात्याच्या एका साहेबानं दहा-बारा जण आणले. साहेब म्हणाले, "काका, नांगरट काहून सोडली ते सांगा यांना."

मला तर तेच पाह्यजे व्हतं. बापाची टोपली सांगितली, चुंबळ सांगितली, मातीला आई म्हणलं. मग म्हणलं, "लई इचार केला साहेब, अन एक दिवस ठरवलं, बस, आता नांगर लावायचा न्हाई."

बायको कंबरेला हात लावून चहाचे कप वाटून राहिली व्हती. ती न थांबताच बोलली.

"साहेब, यांनी काही ठरवलं न्हाई. हे ट्रॅक्टरवरून पडले."