दीड मणाचे भाऊजी

अंगावर मांस चढावे म्हणून माणसाने जे जे करायचे ते सगळे करूनही जो तसूभर जाड झाला नाही, असा पुरुष अवघ्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो नेमका माझ्या अक्काच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी इतके बारीक होते की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर अक्काला क्षणभर समोर कोणी दिसलेच नाही, असे आमची आई सांगत असे. आईला वाढवून सांगायची सवय होती, पण या बाबतीत तिने फारशी भर घातली नसावी. धोतर कमरेला टिकत नाही म्हणून भाऊजी त्यावरून सुतळी बांधत. उन्हाळ्यात वावटळ उठली की शेजारणी अक्काला कुंपणावरून विचारत, "तुमचे हे घरात हायेत ना?" आणि अक्का न रागावता आत डोकावून बघून येई.

भाऊजी अकोल्याला एका गोऱ्या साहेबाच्या कापसाच्या वखारीत काट्यावर कारकून होते. मी त्याच गावात मास्तर, आणि मुक्काम त्यांच्याच घरी. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, त्यामुळे विलायतेला आमचा कापूस पुरेनासा झाला होता. भाव असे चढले की भलीभली माणसे कापसावर पाणी मारून तो जड करू लागली. हे पाणी पकडणे हेच भाऊजींचे काम. डोकड्यात, म्हणजे कापसाच्या त्या भल्यामोठ्या गाठोड्यात, कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून गालाला लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बाळापूरच्या एका मातबर व्यापाऱ्याला त्यांनी भर वखारीत सांगितले होते, "शेटजी, पानी मारलं हाये. सकाळी मारलं. नदीचं नाई, आडाचं." शेटजींनी सगळे कबूल केले, फक्त आड आपला नव्हे, शेजाऱ्याचा, एवढेच म्हणाले. वजनात खोट काढावी ती भाऊजींनीच, अशी त्यांची ख्याती होती.

अशा या माणसाच्या आयुष्यात ती होडी आली. साहेबाने ती मुंबईहून मागवली. कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्यांपैकी एकीवर घालून ती महिन्याभराने येऊन पोचली. दोन माणसे कशीबशी मावतील एवढीच, पण तिला डोलकाठी होती आणि पांढरे शीड होते. अमरावतीच्या साहेबापाशीही तशीच एक होती. दसरा झाला की बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या तलावात दोघांनी शर्यत लावायची, असे ठरले. साहेब सुकाणू धरणार. दुसऱ्या माणसाचे काम चमत्कारिक होते. वाऱ्याने होडी एका अंगाला कलली की त्याने होडीच्या दुसऱ्या काठावर बसून, पाय आतल्या दोरीत अडकवून, पाठ मागे पाण्याकडे झोकून द्यायची आणि होडी सरळ ठेवायची. त्या माणसाचे वजन निदान दीड मण हवे, नाहीतर होडी उलटेल, असे साहेबाने सांगून ठेवले. वखारीतल्या पहारेकऱ्याचे वजन या दीड मणाच्याही दीडपट होते आणि त्याची निवड जवळजवळ झालीच होती. पण एका रविवारी भाऊजी कसलासा निरोप घेऊन तलावावर गेले आणि शीड फुगवून निघालेली होडी त्यांनी पाहिली. परत आले ते जेवायलाच बसले नाहीत. ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, तिले बैल नाई, वल्हं नाई, कोनी ढकलत नाई. अन् चालते. त्या काठावर मी बसनार."

दुसऱ्या दिवशी ते काट्यावर चढले. सव्वा मणाला दोन शेर कमी, म्हणजे अजून बारा शेर हवे. शर्यतीला महिना होता, तोवर वजन भरवा, असे साहेब म्हणाला.

त्या महिन्यात अक्काच्या चुलीला विसावा मिळाला नाही. पहाटे डिंकाचे लाडू, न्याहारीला शेरभर दूध आणि केळी, दुपारी तुपात बुडवलेले रोडगे आणि वरण, संध्याकाळी पुन्हा तेच. भाऊजी जेवत नसत, गोदाम भरत. एवढे करून आठवड्याने वजन पावशेर वाढे आणि एखाद्या एकादशीला तेही उतरे. तेव्हा त्यांच्या डोक्यात सरकी आली. सरकी खाऊन म्हशी फुगतात हे त्यांनी रोज पाहिलेले. "म्हशीले चालते तं मले काहून नाई चालत?" असे म्हणून त्यांनी वाटीभर सरकी शिजवून, वर मीठ-तिखट घालून खाल्ली. त्यानंतरचे तीन दिवस मी इथे वर्णन करीत नाही, मात्र आधीच्या दोन आठवड्यांची कमाई त्यात गेली.

ताकदीसाठी त्यांनी अंगणात बाज टाकली. बाजेच्या एका कडेवर बसायचे, पाय सुंभात अडकवायचे आणि पाठ मागे टाकून अधांतरी लोंबायचे. बाज उलटू नये म्हणून दुसऱ्या कडेवर अक्काचे जाते ठेवले. अक्काने त्या महिन्यात पीठ शेजारून दळून आणले. भाऊजी लालबुंद होऊन, आकाशाकडे बघत, शंभरपर्यंत आकडे मोजत. कुंपणाबाहेर माणसे जमत. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "कोनता आजार हाये?"

अक्का हे सगळे हसतमुखाने करीत होती, पण एके दिवशी लाडू वळता वळता मला म्हणाली, "बापू, याह्यले पोहता येत नाई. साहेबाले ठाऊक हाये का?" मी भाऊजींना विचारले. ते म्हणाले, "साहेबानं वजन इचारलं. पोहनं इचारलं नाई." त्या दिवसापासून माझे हसणे कमी झाले. त्यांना समजावून पाहिले, अक्काने शपथ घातली, पण भाऊजी ऐकण्यापलीकडे गेले होते. तलाव उन्हाळ्यात आटायचा, पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि मधोमध दोन पुरुष खोल पाणी होते.

शर्यतीच्या सकाळी साहेबाने काटा तलावावरच उभारायला लावला. अक्का आणि मी तलावाच्या काठावर होतो. भाऊजींनी अक्काकडून शिवून घेतलेला रुईभरला डगला घातला होता. आपण महिन्याभरात जेवढे जाड होणार त्या मापाने त्यांनी तो आधीच बेतून घेतला होता, त्यामुळे त्यात अजून एक भाऊजी सहज मावले असते. पारड्यात बसले. डगल्यासकट दीड मणाला आठ शेर कमी. पहारेकरी अंगरखा काढू लागला. भाऊजी पारड्यातून उतरले, तलावाच्या उथळ पाण्यात डगल्यासकट गळ्यापर्यंत बसले, कापसाला मनसोक्त पिऊ दिले आणि ठिबकत येऊन पुन्हा पारड्यात बसले. काटा बरोबर दीड मणावर थांबला. ज्या माणसाने निम्म्या वऱ्हाडाचे पाणी पकडले, त्यानेच साहेबाच्या डोळ्यांदेखत हे करावे, याचे मला हसू आले नाही. साहेबाला मात्र इतके आले की त्याला खाली बसावे लागले. वजन ते वजन, असे म्हणून त्याने भाऊजींना होडीत घेतले.

पहिली फेरी भाऊजींनी काय काढली म्हणून सांगू! वारा आला की हा माणूस पाण्यावर आडवा होई आणि कललेली होडी मुकाट्याने सरळ होई. अमरावतीची होडी मागे पडली. मग वळणावर वारा एकाएकी फिरला. भाऊजी होडीच्या ज्या काठावर झुकले होते तोच काठ खाली गेला, डगला जड, त्यांना वेळेवर आत येता आले नाही, आणि होडी उलटली. साहेब लगेच वर आला. भाऊजी आले नाहीत.

अक्काने माझे मनगट धरले. मी धोतर खोचून पाण्यात शिरलो, पण मला तरी कुठे पोहता येत होते? कमरेइतक्या पाण्यात थांबलो. तेवढ्यात उलटलेल्या होडीपाशी एक उघडेबोडके, काडीसारखे अंग वर आले आणि साहेबाने त्याची शेंडी पकडली. झाले होते असे की दीड मणाच्या मापाने बेतलेला डगला तळाला गेला, पण त्यातले भाऊजी सव्वा मणाचेच होते. ते गळ्याच्या बाजूने अलगद निसटले. डिंकाचे लाडू अंगी लागले असते, सरकी पचली असती, तर माझी अक्का त्या काठावरच विधवा झाली असती. एवढे तूप वाया गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. अक्काने त्यांना पदराने पुसले, पुसता पुसता रडली, आणि म्हणाली, "असेच राहा. मले असेच पायजेत."

शर्यत अमरावतीने जिंकली. पुढे तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव बसला, साहेब होडीसकट निघून गेला. भाऊजी पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. अक्काला तसे वचन दिले होते आणि ते त्यांनी पाळले. त्या दिवसाबद्दलही फारसे बोलत नसत. एकदाच, ओट्यावर बसलो असताना, मी न विचारताच म्हणाले, "मास्तर, पयल्या फेरीत मी हटलो असतो तं होडी पडली असती. येवढं मोठं शीड, पन ते माह्यावर उभं होतं."

आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. मागल्या माघात आम्ही तिघे एका लग्नाला बाळापूरला बैलगाडीने निघालो. वाटेत नाल्याची उतरण लागली, गाडीचे एक चाक खाली गेले आणि गाडी कलली. गाडीवान काही म्हणायच्या आत भाऊजी वरच्या कठड्यावर जाऊन बसले, पाय दोरात अडकवले आणि पाठ बाहेर टाकून आडवे झाले. त्यांच्या वजनाने ती गाडी काय सावरणार होती! पण त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर जे काही होते ते मी फक्त शर्यतीच्या सकाळी पाहिले होते. गाडीवान हसू लागला तसे अक्काने त्याला नजरेनेच गप्प केले. मग तिने भाऊजींच्या उपरण्याचे टोक हळूच मुठीत धरले, त्यांना कळणार नाही असे, आणि गाडी सपाटीला लागेपर्यंत सोडले नाही.