फनेलमधला जांभळा थर

मी शेजारच्या खोलीत प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. भिंतीपलीकडून काचेवर धातू खरवडल्याचा आवाज येत होता.

"प्रणाली, काय सुरू आहे?" मी बसल्या जागेवरूनच विचारलं.

"मॅडम, क्रिस्टल्स फनेलले चिकटले. पूर्ण सुकले, म्हणून खरवडून राह्यली."

"आयर्नवाले? त्याच्यासोबत क्लोराइड आहे ना?"

"नाई मॅडम. पर्क्लोरेट."

मी हातातली वही टाकून उठले.

प्रणाली माझी पीएचडीची विद्यार्थिनी, वडनेरची. हिंगणघाटच्या कॉलेजात आम्ही पॉरफिरिनवर काम करतो. चार लहान कड्या जोडून झालेली एक मोठी कडी, मधल्या जागेत धातू बसतो. रक्तातलं लोह असल्याच कडीत बसलेलं असतं. कपाशीवर फवारलेलं औषध विहिरीच्या पाण्यात उतरतं. ते तोडणारी लोहाची कडी आम्हाला बनवायची होती. या लोहावर धन भार असतो, म्हणून त्याला ऋण भाराचा जोडीदार लागतो. पर्क्लोरेट घेतलं की क्रिस्टल्स सुंदर येतात. पण त्यात ऑक्सिजन ठासून भरलेला असतो, आणि कडी म्हणजे निव्वळ जळण. दोन्ही एकाच कणात. सुकं असताना घासलं तर स्फोट होऊ शकतो. कधी होतो, कधी होत नाही. आधी कळत नाही.

मी दारात गेले. ती फनेलवर वाकलेली होती, चेहरा वीतभर अंतरावर. हातात स्टीलचा स्पॅच्युला, रसायन काढायचा चपट्या टोकाचा चमचा.

"हात थांबव. स्पॅच्युला घासू नको, हळूच वर उचल," मी म्हटलं. आवाज शांत ठेवायला फार कष्ट पडले. "टेबलावर ठेव. आता मागे सरक."

माझ्या तोंडाकडे पाहत ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

फनेलमध्ये तीन ग्रॅम होतं. एवढ्यात बोटं जातात, डोळे जातात. आमचे अटेंडंट सुखदेवभाऊ सगळ्यांना मैदानात घेऊन गेले आणि परत आले. म्हणाले, "मॅडम, तुमी राहू द्या. मी जातो." त्यांना नाही म्हटलं. विद्यार्थिनी माझी होती, लॅबही माझी.

फेस शील्ड लावली, चामड्याचे हातमोजे घातले, मधे जाड ॲक्रिलिकची ढाल उभी केली. लांब ड्रॉपरनं काचेच्या कडेवरून पाणी सोडायला लागले, थेंबाथेंबानं. ओलं झालं की घर्षण कमी होतं. शील्डच्या आत माझाच श्वास साचून समोरचं धूसर दिसत होतं आणि पुसायची सोय नव्हती. थर पूर्ण भिजायला वीस मिनिटं लागली असतील. मला मात्र हिशेब लागत नव्हता.

संपलं असं वाटलं. टेबलावरचा स्पॅच्युला उचलून ढालीपलीकडच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायला गेले. त्याच्या टोकाशी मोहरीएवढा कण सुकलेला राहिला होता. तो ट्रेच्या काठाला लागला.

दिवाळीतली टिकली फुटावी तसा आवाज झाला. ट्रेच्या काठाचा टवका उडाला आणि ढालीवर आदळला. स्पॅच्युला पाण्यात पूर्ण बुडवून मी बाहेर आले.

बाहेर प्रणाली रडत होती. तिनं फोनमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. नवं संयुग बनवण्याआधी भरायचा धोक्याचा फॉर्म. तिच्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं: पर्क्लोरेट, तीन ग्रॅम.

"मॅडम, तुमची सही आहे न," ती म्हणाली. तक्रार नव्हती, खरंच समजून घ्यायचं होतं तिला.

सही माझीच होती. मीटिंगला जाताना कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या केलेली. मी प्राचार्यांना तसंच लिहून दिलं.

पुढे प्रणालीनं लोहासाठी दुसरा जोडीदार घेतला. क्रिस्टल्स ओबडधोबड आले, पण औषध तेवढंच तुटलं. सुंदर क्रिस्टल्सची गरजच नव्हती.

सहीला दोन सेकंद लागतात, फॉर्म वाचायला चार मिनिटं. आता मी खुर्चीत बसून वाचते. बाहेर रिसर्चच्या पोरी ताटकळतात, कुरकुरतात. कुरकुरू देत.