पडद्याची दुमड

मी लेखक नाही, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

आज शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला आणि वाटूरचं उन्हाळी नाट्यशिबिर आठवलं. तिथं सुमनमावशी शिवण शिकवायच्या. पडद्याची वरची दुमड मी कच्च्या टाक्यांनी धरली आणि मशीन मारायचा कंटाळा केला.

“पक्की शिलाई मारली का रे?”

“बराबर मारली, मावशी.”

प्रयोगात पडदा ओढताच दुमड उसवली, पडदा नटांच्या अंगावर पडला. लोक खदखदून हसले.

“बाईला शिवताच येत न्हाई!” आयोजक ओरडले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. मीही गप्प राहिलो.

माफी मागायची म्हणून आज शिबिरातल्या मित्राला विचारलं, मावशी अजून शिबिरात शिकवतात का?

“त्या सालानंतर त्यांना कुणी बोलावलंच न्हाई रे.”